डिग्री होईल, पण यादीत नाव आहे का?

निकालाच्या दिवशी कॉलेजचा कट्टा बघावा. कितव्या फेरीला कोण आघाडीवर होतं, कुणाचं डिपॉझिट गेलं, कुठल्या तालुक्यानं कुणाला हात दाखवला, सगळं तोंडपाठ. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत वाद चालतो, मीम्सचा पाऊस पडतो, एखाददुसरा रागारागानं ग्रुप सोडूनही जातो. अशा वेळी एकच प्रश्न टाकून बघा, ‘यातल्या किती जणांनी मत दिलंय?’ थोडा वेळ सगळे गप्प. मग एकेक उत्तर यायला लागतं. ‘माझं नाव गावाकडे आहे.’ ‘दुसऱ्या दिवशी पेपर होता रे.’ ‘फॉर्म भरायचा राहिला.’ ‘कार्डच आलं नाही अजून.’

‘मला राजकारणात रस नाही’ असं म्हणणारे यात फार थोडे असतात. रस भरपूर आहे, माहिती आहे, मतंही ठाम आहेत. मत मात्र दिलेलं नाही. आणि यातला प्रत्येक जण शिकलेला आहे किंवा शिकतो आहे. मग शाळा-कॉलेजात घालवलेली पंधरा-सोळा वर्षं आपल्याला मतदार बनवतात की नाही?

आकडे काय सांगतात?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १८-१९ वयोगटातले सुमारे १.८ कोटी मतदार यादीत होते. आकडा मोठा वाटतो. पण त्या वयाच्या तरुणांच्या अंदाजित लोकसंख्येशी तो ताडून पाहिला, तर नाव नोंदवलेले चाळीस टक्केसुद्धा भरत नाहीत. म्हणजे मत द्यायचं की नाही हा प्रश्न येण्याआधीच निम्म्याहून जास्त पोरं-पोरी मैदानाबाहेर होती.

आता महाराष्ट्रात या. याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के मतदान झालं. जंगलातली गावं, लांबलांबची केंद्रं, नक्षलवाद्यांची जुनी दहशत, वर एप्रिलचं ऊन. इतकं असूनही ७२. कोल्हापुरातही ७१ टक्क्यांच्या वर मतदान गेलं. आणि कुलाबा, मलबार हिल ज्यात येतात तो दक्षिण मुंबई मतदारसंघ ५० टक्क्यांच्या आसपास थांबला. कल्याणही तिथंच. ‘विद्येचं माहेरघर’ म्हणवणारं पुणे साडेत्रेपन्नवर. सहा महिन्यांनी विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये जवळपास ८५ टक्के मतदान झालं, तर कुलाब्यात सुमारे ४४ टक्के.

हे वाचून लगेच ‘शिकलेले लोक आळशी असतात’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जरा थांबू या. मतदारसंघाच्या सरासरीवरून एकेका माणसाचं वागणं कळत नाही. कुलाब्यात फक्त पदवीधर राहत नाहीत आणि करवीरमध्ये फक्त निरक्षर नाहीत. शिवाय शहरातल्या याद्यांमध्ये घर बदलून गेलेल्यांची, वारलेल्यांची, दोनदा चढलेली नावं असतात. त्यामुळे टक्का असतो त्याहून कमी दिसतो. पण एवढी सूट देऊनही एक गोष्ट उरतेच. जिथं कॉलेजं जास्त तिथं मतदान जास्त, असं चित्र आपल्याकडे नाही.

अमेरिकेचं उत्तर इथं चालत नाही

हे विचित्र वाटतं, कारण राज्यशास्त्राच्या पुस्तकांत बरेचदा उलटं लिहिलेलं असतं. अमेरिकेत रेमंड वोल्फिंगर आणि स्टीव्हन रोझनस्टोन या अभ्यासकांनी १९८० साली ‘हू व्होट्स?’ हे पुस्तक लिहिलं. तिथं कोण मत देतो हे ओळखायचं असेल तर माणसाचं शिक्षण विचारा, असा त्याचा सूर होता. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. अमेरिकेत मतदार म्हणून नोंदणी करणं हे बऱ्याच अंशी ज्याचं त्यानं करायचं काम. फॉर्म शोधा, मुदत लक्षात ठेवा, घर बदललं की पुन्हा भरा. ज्याला कागदपत्रांची सवय आहे, त्याला हे सोपं जातं. ती सवय शाळा-कॉलेज लावतं.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. १९९० च्या दशकातल्या निवडणुकांचा अभ्यास करताना योगेंद्र यादव यांनी दाखवून दिलं की दलित, आदिवासी, गरीब आणि ग्रामीण मतदार वरच्या वर्गाच्या बरोबरीनं, कधी त्याहून जास्त मत देतात. पुढे अमित आहुजा आणि प्रदीप छिब्बर यांनी ‘गरीब माणूस मत का देतो’ याच प्रश्नावर २०१२ साली शोधनिबंध लिहिला. पैसा, दबाव, ओळखीपाळखी एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. गरीब मतदार मताकडे आपला हक्क म्हणून बघतो, असं त्यांना दिसलं. एरवी सरकारी कचेरीत त्याला कुणी खुर्ची देत नाही. मतदानाच्या दिवशी मात्र साहेबाच्या रांगेत तोही उभा असतो, आणि दोघांच्या बोटाला लागते ती शाई एकच.

रेशन, पाणी, घरकुल, सातबारा, पीकविमा, यातल्या एकेका गोष्टीसाठी ज्याला सरकारच्या दारात जावं लागतं, त्याला सरकार कुणाचं आहे यानं फरक पडतो. आपलं काय होतं? शिक्षण वाढतं तसे आपण हळूहळू खासगी गोष्टींकडे सरकतो. खासगी क्लास, खासगी दवाखाना, सोसायटीचा टँकर, इन्व्हर्टर. सरकार आपल्या रोजच्या जगण्यातून निघून गेलंय असं वाटायला लागतं. ते गेलेलं नसतं. फी किती वाढणार, शिष्यवृत्ती कधी जमा होणार, भरतीची जाहिरात कधी निघणार, परीक्षा पुढे ढकलली जाणार का, हे सगळं तिथंच ठरतं. आपल्याला ते फक्त नोटिस बोर्डावर दिसतं, म्हणून ते निवडणुकीशी जोडलेलं वाटत नाही.

बाबासाहेबांनी जिंकलेला वाद

‘अडाणी माणसाला मताचा अधिकार द्यायलाच नको होता,’ हे वाक्य तुम्ही कुठं ना कुठं ऐकलं असेलच. कधी घरी, कधी ट्रेनमध्ये, कधी चक्क वर्गात. हा वाद आजचा नाही. इंग्रजांच्या काळात मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांतही प्रौढांपैकी थोड्याच लोकांना मत देता आलं.

त्याच्याही आधी, १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. साक्षरतेची अट घालणाऱ्यांचे दोन गोंधळ त्यांनी पुढे आपल्या अहवालात दाखवून दिले. एक म्हणजे, लिहिता-वाचता न येणाऱ्याला अक्कल नसते असं मानणं. दुसरा म्हणजे, लिहिता-वाचता आलं की अक्कल आपोआप येते असं मानणं. शिवाय ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यालाच ‘तू शिकलेला नाहीस’ म्हणून मत नाकारायचं, यात कुठला न्याय?

राज्यघटनेच्या कलम ३२६ नं हा प्रश्न निकालात काढला. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या थोडी वर होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी चिन्हांची पद्धत वापरून सुमारे १७ कोटी मतदारांसाठी ही निवडणूक पार पाडली. तेव्हाही घोडं अडलं ते नोंदणीपाशीच. अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांना यादीबाहेर राहावं लागलं. आज बाईमाणसाचा टक्का पुरुषांच्या बरोबरीला आलाय, २०१९ आणि २०२४ च्या लोकसभेला तर किंचित पुढेच होता. यादीत नाव येणं हे किती मोठं काम आहे, हे त्यावरून लक्षात यावं.

शिक्षणाला खास मान देणारा एक मतदारसंघ आजही आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पदवीला तीन वर्षं झालेल्यांनाच मत देता येतं. तिथं तरी पदवीधरांची झुंबड उडावी ना? जून २०२४ मध्ये मुंबई पदवीधर मतदारसंघात निवडणूक झाली. एवढ्या मोठ्या शहरात नोंदवलेले मतदार होते सुमारे १ लाख २० हजार. मुंबईतले पदवीधर मोजायला बसलो तर हा आकडा चिमूटभर वाटतो. कारण पुन्हा तेच. या मतदारसंघाची यादी दर वेळी नव्यानं तयार होते, आणि प्रत्येकानं आपणहून फॉर्म भरायचा असतो.

बीएलओ दारात, आपण हॉस्टेलवर

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे नोंदणी मुख्यतः घराशी बांधलेली आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओ. हे काम बहुतेकदा गावातल्याच शिक्षकांकडे किंवा अंगणवाडी सेविकांकडे असतं. त्या घरोघरी येतात, नवीन कोण अठराचं झालं विचारतात, सून आली का, कोण वारलं का, विचारतात. जो गावात आहे, घरात आहे, त्याचं नाव फार कष्ट न घेता यादीत चढतं.

शिक्षण नेमकं हेच तोडतं. लातूरची मुलगी बारावीनंतर पुण्यात येते. धुळ्याचा मुलगा नाशिकला. सावंतवाडीची पोरं मुंबईला किंवा गोव्याला. वयाची अठरा वर्षं पूर्ण होतात ती कुठल्या तरी हॉस्टेलच्या खोलीत नाहीतर कॉट बेसिसवर घेतलेल्या जागेत. घरी बीएलओ येऊन जातात तेव्हा आपण लेक्चरला असतो, आणि आपण राहतो त्या खोलीत कुणी विचारायला येत नाही. जे गावाकडे आधीच नोंदवून ठेवतात, त्यांच्यापुढे दुसरा पेच. मतदान सोमवारी, एसटीचं किंवा ट्रेनचं तिकीट जाऊन-येऊन हजाराच्या घरात, आणि मंगळवारी प्रॅक्टिकल. नोकरदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळते. विद्यार्थ्याला एक दिवसाची सुट्टी मिळाली तरी लातूर काही एका दिवसात जाऊन-येऊन अभ्यासाला बसण्याइतकं जवळ येत नाही.

पोस्टल मत? ते सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ, दिव्यांग अशा ठरावीक लोकांना. विद्यार्थी त्यात बसत नाहीत. दुसऱ्या गावातून आपल्या मतदारसंघात मत देता यावं यासाठी निवडणूक आयोगानं २०२३ च्या सुरुवातीला एका यंत्राचा नमुना राजकीय पक्षांपुढे मांडला होता. अनेक पक्षांनी शंका घेतल्या आणि ते प्रकरण तिथंच राहिलं.

म्हणून ‘तरुणाई उदासीन’ ही हेडलाइन अर्धीच खरी आहे. ज्या शिक्षणामुळे आपण प्रश्न विचारायला शिकतो, त्याच शिक्षणापायी आपण आपल्या मतदान केंद्रापासून लांब येऊन पडतो. आणि नव्या जागी नाव कसं लावायचं, हे मात्र कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

नागरिकशास्त्र पाठ, सराव शून्य

शाळेत आपण नागरिकशास्त्र शिकतो ते इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं. राज्यसभेची सदस्यसंख्या, राष्ट्रपतींचे अधिकार, टिपा लिहा, कारणे द्या. मार्क मिळतात. पण पोहण्याच्या पुस्तकाची परीक्षा पास झालेल्याला पोहता येतंच असं नाही.

सरावाची पहिली जागा म्हणजे कॉलेज. महाराष्ट्रात ती जागाच बरीच वर्षं बंद आहे. १९८० च्या दशकात कॉलेज निवडणुकांमध्ये पैसा आणि मारामाऱ्या शिरल्या, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि खुल्या निवडणुका थांबल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं गुणवत्तेवर वर्ग प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. म्हणजे सगळ्यात जास्त मार्क ज्याला, तो आपला नेता. २०१६ च्या कायद्यानं खुल्या निवडणुका परत आणायची तरतूद केली. २०१९ मध्ये गोष्ट वेळापत्रकापर्यंत गेली, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आली आणि ती पुढे ढकलली गेली. आज कॉलेजात असलेल्या पिढीनं कॅम्पसवरचं मतदान फक्त सिनेमात बघितलंय.

निवडणुका सुरू झाल्या की सगळं सुटेल, असंही नाही. दिल्ली विद्यापीठात त्या होतात. २०२४ मध्ये तिथं साधारण ३५ टक्के विद्यार्थ्यांनीच मत दिलं. पण यादीत नाव शोधणं, उमेदवाराला प्रश्न विचारणं, हरलो तरी दुसऱ्या दिवशी त्याच कॅन्टीनमध्ये चहा पिणं, याची एकदा तरी सवय व्हायला हवी. मत देणं ही बरीचशी सवयीची गोष्ट आहे, असं अभ्यासक सांगतात. पहिल्या एक-दोन निवडणुकांना जो जातो, तो पुढेही जात राहतो. पहिल्याच दोन हुकल्या, तर मत न देण्याचीही सवय लागते.

त्यात आपल्या पिढीचं नशीबही थोडं खोटं. मुंबई-पुण्याच्या महापालिकांसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झालं. पुढचं २०२२ मध्ये व्हायला हवं होतं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ते वर्षानुवर्षं लांबलं. जो २०१८ मध्ये अठराचा झाला, तो पदवी घेऊन, कदाचित पीजी करून बाहेरही पडला, तरी नगरसेवकासाठी त्याला मत देता आलं नाही. रस्ता, कचरा, बसस्टॉप, हॉस्टेलच्या गल्लीतला दिवा, हे ज्याच्याकडे मागायचं, तोच जागेवर नव्हता.

मग करायचं काय?

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीनं, १९८९ मध्ये. तेव्हापासून आपण ‘नवमतदार’ म्हणून भाषणांत येतो. यादीत येण्यासाठी मात्र पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असलेल्यांचीच नोंदणी व्हायची. आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतराव्या वर्षीच अर्ज करून ठेवता येतो, वय पूर्ण झालं की नाव चढतं.

पहिल्यांदा नाव नोंदवायला फॉर्म ६. नाव एका ठिकाणी आहे आणि ते दुसऱ्या ठिकाणी हलवायचंय, किंवा काही दुरुस्ती आहे, तर फॉर्म ८. दोन्ही आयोगाच्या मतदार पोर्टलवर मोबाइलवरून भरता येतात. अडलं तर १९५० ही हेल्पलाइन आहे.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नाव गावाकडे ठेवायचं की हॉस्टेलच्या पत्त्यावर, हे तुम्ही ठरवू शकता. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा कोर्स असेल, तर प्राचार्य, संचालक किंवा कुलसचिवांचं बोनाफाइड जोडून हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी होते. मात्र दोन्हीकडे नाव ठेवायचं नाही, तो गुन्हा आहे.

कार्ड हातात आहे म्हणजे मत देता येईलच असं नाही, यादीत नाव लागतं. उलट नाव असेल आणि कार्ड नसेल, तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट यांपैकी काही चालतं. कॉलेजचं आयडी मात्र चालत नाही. आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घेत नाहीत. तपासणीला दिवस लागतात, त्यामुळे अर्ज त्याच्या निदान दहा दिवस आधी गेलेला बरा. निवडणुकीचा माहोल तापल्यावर जाग येणारे इथंच फसतात.

एकेकट्यानं हे करण्यापेक्षा वर्गानं मिळून केलं तर आणखी सोपं. अनेक कॉलेजांमध्ये निवडणूक साक्षरता मंडळ कागदावर तरी असतं. एनएसएस असतंच. ॲडमिशनच्या वेळी बँकेचं खातं, बसचा पास, लायब्ररी कार्ड यांच्या रांगेत फॉर्म ६ आणि ८ चं एक टेबल मांडायला किती खर्च येतो? २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ घेऊन फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी पन्नास बोनाफाइड सह्या करून मिळाली, तर पन्नास मतदार वाढतील.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर उमेदवाराच्या ऑफिसात मिळतं. प्रचार सुरू झाला की तिथल्या टेबलावर मतदारयादीच्या बूथवार प्रती पडलेल्या असतात. कार्यकर्ते त्या समोर ठेवून ठरवतात, कुठल्या गल्लीत जायचं, कुणाला कितीदा भेटायचं, काय कबूल करायचं. पाचशे पोरींचं हॉस्टेल आणि त्या पत्त्यावर नावं अकरा, तर त्या इमारतीचं वजन अकरा मतांचं. रात्री साडेआठनंतर त्या रस्त्याला बस का नाही, हे विचारायला गेल्यावर समोरचा माणूस डिग्री बघत नाही. तो यादी बघतो.